सातवा खण

चैत्र सरत आला होता आणि अण्णाराव बिराजदारांच्या गोठ्यातल्या गव्हाणी फुटत होत्या. फोडत होता धुळाप्पा. पहार दोन्ही हातांनी वर न्यायची, 'हं' करून खाली सोडायची आणि निघालेला दगड उकलून बाजूला सारायचा, असं सकाळपासून चाललं होतं. पन्नाशी ओलांडलेला गडी, पण दंड अजून पिळदार होते. अंगातली बनियन घामानं पाठीला चिकटली होती आणि भुवयांवर धुळीचा थर बसला होता. त्याची बायको अंबुबाई पाटीत राडारोडा भरून बाहेर नेऊन टाकत होती. अण्णाराव लिंबाखाली बाज टाकून बसले होते आणि अधूनमधून "जरा बेतानं रं, भित हलंल" असं काहीबाही बोलत होते. त्या सांगण्याची धुळाप्पाला काही गरज नव्हती, पण मालक म्हटला की काहीतरी बोलावं लागतंच.

गोठा सात खणांचा होता. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण, अशी मोजायची पद्धत गावात अजून आहे. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरही तसंच लिहिलेलं होतं, 'गोठा, खण सात'. त्यातल्या सहा खणांत जनावरं बांधायची. उगवतीकडच्या सातव्या खणात मधे छातीएवढी भिंत घालून धुळाप्पाचा संसार होता. पंचवीस वर्षं होता. अख्खं गाव त्या जागेला 'धुळाप्पाचा खण' म्हणायचं. कुणाला बैलगाडीचा साटा, म्हणजे वरची चौकट, हवा असला, कुणाची म्हैस अडली, की माणूस थेट त्या खणापाशी येऊन हाक मारायचा.

दोन वर्षांपूर्वी लंपीची साथ आली आणि नवातली पाच जनावरं गेली. उरलेली चार अण्णारावांनी विकून टाकली, कारण रिकाम्या दावणीकडं बघवत नव्हतं. गोठा मोकळा झाला असं सगळे म्हणू लागले. सातव्या खणात अजून चूल पेटत होती, पण 'मोकळा' म्हणताना ती कुणाच्या ध्यानात आली नाही.

आता गोठ्याची घरं करायची निघाली ती धाकट्या मृत्युंजयच्या लग्नापायी. पोरगा तेहतीस वर्षांचा, सोलापुरात मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला, दिसायला चारचौघांसारखा. अकरा ठिकाणी पोरी बघून झाल्या होत्या. कुठं शेती आडवी यायची, कुठं गाव आडवं यायचं. शेवटी शुक्रवार पेठेतल्या शिवानंद कलशेट्टींनी होकार दिला. त्यांची श्रीदेवी बी.एड. झालेली, अक्कलकोटला शाळेवर लागलेली. गावात राहायला तिची ना नव्हती, पण जुन्या घरात थोरला मल्लेश, त्याची बायको आणि तीन पोरं. तिथं पाय ठेवायला जागा नाही. कलशेट्टींनी सुपारी फोडताना हसत हसतच सांगितलं होतं, "गोठ्याचं घर करा, आमची हरकत नाही. पण आत न्हाणीघर-संडास पाहिजे आणि उताऱ्यावर 'राहते घर' असं लागलं पाहिजे. गोठ्यात पोरगी दिली म्हणून पेठेत आमचं हसं नको." लग्न ज्येष्ठात धरलं होतं.

हे ऐकल्यावर थोरल्या सुनेनंही तोंड फुगवलं. मग सात खणांची दोन घरं करायचं ठरलं. पोरांवाल्या मल्लेशला चार खण आणि मृत्युंजयला उगवतीकडचे तीन. त्यात सातवा खण नव्या जोडप्याची झोपायची खोली होणार होता.

धुळाप्पाला अण्णारावांनी एवढंच सांगितलं होतं, "इहिरीवर पत्रं मारून देतो. तितंच ऱ्हावा आता. पान्याचीबी सोय हाय."

"व्हय मालक," धुळाप्पा म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी मागून आणलेल्या एका बैलगाडीत त्यांचं सगळं सामान मावलं. गाडीत जागा उरली म्हणून अंबुबाईनं जळणही भरून घेतलं.

पंचायत समितीच्या इंजिनिअर दानेश्वरी मॅडम आल्या त्या दिवशी ऊन नुसतं डोक्यात शिरत होतं. वय फार तर सत्तावीस. स्कूटी लिंबाखाली लावली, तोंडाला बांधलेली ओढणी सोडली आणि चहा नको म्हणून टेपच काढला. नेमके त्याच दिवशी कलशेट्टीही काम कुठवर आलं ते बघायला आले होते. पांढरी विजार, पांढरा शर्ट, नाकाला रुमाल. गोठ्यातून जनावरं जाऊन दोन वर्षं झाली तरी उन्हानं जमीन तापली की गोमुत्राचा वास वर येतो, तो काही रुमालानं अडत नाही.

"टेप धरायला कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"धुळाप्पा, धर रं," अण्णाराव म्हणाले.

धुळाप्पानं हात विजारीला पुसले आणि टेपचं टोक भिंतीच्या तळाला अंगठ्यानं दाबून धरलं.

"सात फूट. राहत्या खोलीला निदान नऊ फूट उंची लागते, काका. दोन फूट भिंत चढवावी लागेल. खिडक्या कुठं आहेत?"

"गोट्याला कसल्या खिडक्या, बाई? झरोकं हायत की दोन."

"झरोके चालत नाहीत. खोलीच्या दहाव्या हिश्श्याएवढी तरी खिडकी पाहिजे. हवा-उजेड नसेल तर ती खोली माणसानं राहण्यालायक धरत नाहीत." मॅडम एकेक खण मोजत, वहीत आकडे टाकत उगवतीकडं सरकल्या आणि सातव्या खणात येऊन थांबल्या. भिंती आढ्यापर्यंत काजळल्या होत्या. कोनाड्यात तेलाचा डाग होता, कपडे टांगायची खुंटी होती, आणि कोपऱ्यात लिंपलेली चूल होती. तीन तोंडांची. अंबुबाईनं जाताना ती फोडली नव्हती.

"इथं चूल कशी?" मॅडमनी मान वळवली. "इथं कोणी राहत होतं का?"

साधा प्रश्न होता. पोरगी कामाचं विचारत होती, तिच्या मनात काही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं अण्णारावांचं झालं. नुकतीच तिनं सांगितलेली ती वाक्यं कानात होती, माणसानं राहण्यालायक नाही म्हणून. शेजारी होणारा व्याही रुमालाआडून त्या काळ्या भिंतीकडं बघत होता. अण्णारावांची जीभ टाळूला लागली आणि सुटली ती भलतीकडंच.

"न्हाय न्हाय, आंबोण शिजवायची चूल हाय ती. गाभनी म्हशीला लागतंय की. हितं जनावरंच हुती."

"माणूस कोणीच नव्हतं?"

"छ्या! मानूस कशाला ऱ्हाईल हितं?"

टेपचं दुसरं टोक धुळाप्पाच्या अंगठ्याखाली होतं. ते हललं नाही. मॅडमनी वहीत लिहिलं, "पूर्वीचा वापर, जनावरे," आणि म्हणाल्या, "सोडा आता." धुळाप्पानं अंगठा काढला आणि टेप सरसरत तिच्या हातातल्या डबीत गेला. अण्णारावांना त्याच्याकडं बघायचं होतं. बघितलं नाही. कलशेट्टींना चला, चहा घेऊ, म्हणून ते पुढं झाले आणि उंबऱ्याला ठेचकाळले.

गावात भिंतींना कान असतात, आणि पडक्या गोठ्याला तर दारंही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नम्मा चुलीपुढं भाकरी थापत होत्या. अण्णाराव ताटावर बसले. बायकोनं भाकरी ताटात टाकली ती जरा जोरातच.

"जनावरंच हुती म्हनलासा म्हनं," त्या म्हणाल्या.

"कोन म्हनलं?"

"कोन म्हनायला कशाला पायजे? त्येची लेक त्याच खनात जलमली. सुईनीच्या हाताखाली म्या हुते. कंदील म्या धरला हुता. त्या पोरीला साडीचोळी करून म्याच लावून दिलं. आन तुमी म्हनता मानूस कशाला ऱ्हाईल."

"अगं, परका मानूस हुबा हुता. व्याही. कसं सांगायचं?"

"मग पंचवीस वर्सं ठेवताना न्हाय लाज वाटली, सांगताना वाटली व्हय?"

अण्णारावांनी आमटी तिखट झाली म्हणून कुरकुर केली. रत्नम्मांनी ती ऐकलीच नाही.

काम मात्र जोरात सुरू झालं. पत्रे उतरवले, भिंती दोन फूट चढवल्या, सातही खणांना खिडक्या पाडल्या. गवंडी अक्कलकोटचा होता. हाताखाली धुळाप्पा, मल्लेश आणि अंबुबाई. धुळाप्पा परांचीवर चढून विटा झेलायचा, माल कालवायचा, दुपारी खोऱ्यावर डोकं टेकून घटकाभर पडायचा. तो बदलला असता, दोन दिवस कामाला आला नसता, कुणापाशी रडला असता, तर अण्णारावांना बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. तो पहिल्यासारखाच "व्हय मालक" म्हणत होता.

फक्त एक गोष्ट अण्णारावांच्या डोळ्यांत खुपायची. सातव्या खणाचं दार आता सहा इंच कमी सात फूट झालं होतं. गवंडी त्यातून ताठ यायचा-जायचा. धुळाप्पा मात्र डोक्यावर घमेलं असो की नसो, तिथं आला की कमरेत वाकायचा, मान खाली घालायचा आणि मग आत जायचा. पंचवीस वर्षांची सवय होती अंगाला. एकदा गवंडी हसला. "अहो धुळाप्पा, दार उचललंय आता, कशाला वाकताय?" धुळाप्पाही हसला आणि परत येताना पुन्हा वाकला. अण्णाराव लिंबाखालची बाज उचलून पलीकडच्या अंगाला घेऊन गेले, जिथून ते दार दिसत नव्हतं.

वैशाखात ग्रामपंचायतीतून निरोप आला. अण्णाराव गेले तर ग्रामसेवक, सरपंच बापूसाहेब आणि दानेश्वरी मॅडम तिघंही बसले होते. टेबलावर नकाशा पसरलेला होता.

"काका, आतलं काम चांगलं झालंय," मॅडम म्हणाल्या. "उंची, खिडक्या, संडास, सगळं बसतं. पण तुमची मागची भिंत थेट रस्त्याला लागून आहे. गोठ्याला ते चालून गेलं. राहत्या घराला नवीन परवानगी द्यायची तर मागं पाच फूट जागा मोकळी सोडावी लागते."

"म्हंजी?"

"मागची भिंत पाच फूट आत घ्यायची."

अण्णारावांच्या डोळ्यांपुढं सातही खण उभे राहिले. नऊ फुटांपर्यंत चढवलेली भिंत, नुकता वाळलेला गिलावा, बसवलेल्या चौकटी. खोल्या बारा फूट रुंद होत्या. पाच गेल्यावर उरणार काय? लग्नाला महिना उरला होता.

"दुसरा काय रस्ता हाय का, बाई?"

मॅडमनी पेन टेबलावर टेकवलं. "एकच. तिथं पूर्वीपासून कोणी कुटुंब राहत असतं तर जुना राहता वापर म्हणून आहे त्या भिंतीवर नोंद घेता आली असती. जागेवर पंचनामा करायचा, राहणाऱ्याचा जबाब घ्यायचा. मग उताऱ्यावर मालक म्हणून तुमचं नाव आणि भोगवटादार म्हणून त्या राहणाऱ्याचं. पण तुम्हीच म्हणालात की जनावरंच होती."

खोलीतला पंखा कुरकुरत फिरत होता. ग्रामसेवकानं मान खाली घालून कागद सारखे केले. हा माणूस धुळाप्पाच्या खणापाशी दहा वेळा म्हशीचं दूध न्यायला आलेला. अण्णाराव म्हणाले, "बगतो. इचारून सांगतो," आणि उठले. कुणाला विचारून, ते काही म्हणाले नाहीत.

बापूसाहेब पायऱ्यांपर्यंत मागोमाग आले. "अण्णा," ते हळूच म्हणाले, "धुळाप्पा काय उंबराचं फूल हुता व्हय? आक्क्या गावाला दिसला, तुमालाच कसा दिसला न्हाय?" आणि तंबाखूची पिंक टाकून आत गेले. अण्णाराव भर उन्हात चपला हातात घेऊन उभे होते. पायात घालायच्या राहिल्या होत्या.

मृत्युंजयला फोनवर सांगितलं तर तो उसळलाच. "अप्पा, मग धुळाप्पाला उभा करा की! खोटं थोडंच बोलायचंय?"

"नाव लागतंय त्येचं. उताऱ्यावर."

मृत्युंजयचा आवाज उतरला. "नाव लागलं तर सासरे वाचणार. आधी गोठा, आता गड्याची खोली. पेठेत काय सांगायचं त्यांनी?" मग तो म्हणाला, "पण भिंत पाडली तर लग्नच पुढं जातंय. घ्या त्याचा जबाब. सासऱ्यांना मी घेऊन येतो आणि समजावतो. तुम्ही फक्त धुळाप्पाला नीट सांगून ठेवा काय बोलायचं ते."

नीट सांगून ठेवायला अण्णाराव दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर गेले. दहा पत्रे आणि चार मेढी, एवढंच होतं ते. तीन बाजूंना कडब्याचा आडोसा केला होता. आत शिरले तर वरून भट्टीसारखी धग अंगावर आली. आपण हे पत्रे मारून दिले तेव्हा उन्हाळ्याचं काही मनात आलं नव्हतं, हे त्यांना तिथं बसल्यावर कळलं. धुळाप्पा जेवत होता. मालकाला बघून उठायला लागला, तसं अण्णारावांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. अंबुबाईनं पोतं झटकून टाकलं आणि तांब्याभर पाणी पुढं ठेवलं.

"उद्या बाई येनार हाय," अण्णाराव म्हणाले. "इंजिनेर."

"व्हय मालक."

"पंच बी असतील. इचारतील तुला."

"काय इचारतील?"

अण्णारावांनी तांब्या तोंडाला लावला. 'तू तितं ऱ्हात हुतास असं सांग' एवढे सहा शब्द बोलायचे होते. पण ते बोलायचे म्हणजे त्या दिवशी टेपचं टोक धरून उभ्या असलेल्या माणसाला, मी तुझ्यादेखत तुला जनावरांत ढकललं, आता माझ्या कामासाठी परत माणसांत ये, असंच सांगणं होतं. पाणी संपलं तरी तांब्या तोंडालाच होता.

"इचारल्यावर सांग काय त्ये," ते शेवटी म्हणाले.

अंबुबाई मेढीला टेकून उभी होती. ती बोलली. "काय सांगायचं त्ये सांगा की मालक. म्हंजी त्येवडं पाठ करत्याल ह्ये."

"अंबे!" धुळाप्पा म्हणाला.

अण्णाराव उठले, पत्र्याला डोकं आपटलं, आणि मागं न बघता बांधावरून चालू लागले. अर्ध्या वाटेवर पाय थांबले. परत जावं, दोन शब्द बोलावं, असं वाटलं. पण आता गेलं तर अंबुबाई बघणार. ते घरीच आले.

पंचनाम्याला सातव्या खणातच टेबल टाकलं होतं. नव्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. दानेश्वरी मॅडम, ग्रामसेवक, बापूसाहेब आणि शेजारचा म्हातारा ज्ञानबा पंच म्हणून. मृत्युंजय सासऱ्याला घेऊन सकाळीच आला होता. कलशेट्टी खुर्चीवर बसले होते, आज रुमाल खिशात होता. दारात धुळाप्पा उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याला पटका. त्याच्या मागं अंबुबाई.

"आधी जनावरांचं घेऊ," मॅडम म्हणाल्या. "सहा खणांत गोठा होता, तो कधीपर्यंत? जनावरं किती?"

हे अण्णारावांना सोपं होतं. ते सावरून बसले आणि बोलत सुटले. नऊ जनावरं. सोन्या आणि राजा हे खिलारी बैल, सिद्धेश्वरच्या यात्रेतून आणलेले. गौरी गाय घरचीच, तिची आई चंद्री, चंद्रीची आई अण्णारावांच्या सासऱ्यांनी दिलेली. पंढरपुरी म्हैस आणि तिच्या तीन रेड्या. कोण कुठल्या सालात आलं, कोण कुठल्या दिवशी गेलं, सगळं तोंडपाठ. मॅडमना एवढं नको होतं, पण त्या लिहीत गेल्या.

"आता हा सातवा खण. धुळाप्पा, पुढं या. तुम्ही इथं राहत होता का?"

धुळाप्पा पुढं आला. दार ओलांडताना वाकलाच. त्यानं मालकाकडं एकदा बघितलं आणि मग जमिनीकडं.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "हितं जनावरंच हुती."

मृत्युंजय ताडकन उठला. "अरे, तुला काय सांगितलं होतं?"

"मला कुटं काय सांगितलंय?" धुळाप्पा खरंच गोंधळला होता. "मालक आले, पानी पिले, गेले. त्या दिशी बाईंफुडं मालक बोललेत, पावन्यांफुडं बोललेत. आता म्या ऱ्हात हुतो म्हनलो तर मालक खोटं पडत्यात. त्येंला चार मानसांत खोटं पाडून म्या कुटं जाऊ?"

ज्ञानबानं डोळे मिटून घेतले. बापूसाहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. अण्णारावांना वाटलं, धुळाप्पानं आपल्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. पन्नाशीचा तो माणूस त्या घडीला त्यांना पोरासारखाच वाटला, आपल्या पाठीमागं उभं राहून आपलीच लाज झाकणारा. ती झाकली जात नव्हती. उलट सगळी उघडी पडली होती, नव्या खिडकीच्या लख्ख उजेडात, व्याह्यादेखत.

"मग पूर्वीचा वापर जनावरेच धरायचा?" मॅडमनी विचारलं. "तसं असेल तर मागची भिंत..."

"न्हाय," अण्णाराव म्हणाले. मग मॅडमकडं वळून पुन्हा म्हणाले, "न्हाय बाई. खोटं म्या बोललो. ह्यो हितं ऱ्हात हुता. ही दोगं, आन त्येंची लेक. पंचवीस वर्सं. ती चूल मानसाचीच हुती. लिवा."

"अप्पा, जरा हळू," मृत्युंजय दातांतून म्हणाला. त्यानं सासऱ्याकडं बघितलं. कलशेट्टींची नजर काजळलेल्या भिंतीवर गेली. तिथं अजून रंग दिला नव्हता. मग ती खिडकीवर गेली, आणि मग दारातल्या अंबुबाईवर. त्यांनी पायातले बूट काढून बाहेर ठेवले आणि परत येऊन बसले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उताऱ्यावर भोगवटादार म्हणून यांचं नाव येईल," मॅडम म्हणाल्या. "तुमची हरकत नाही ना?"

"न्हाय."

"मग पूर्ण नाव सांगा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव."

"धुळाप्पा," अण्णाराव म्हणाले.

मॅडमनी लिहिलं आणि पेन कागदावर ठेवून वाट बघितली.

अण्णारावांनी तोंड उघडलं. पंचवीस पावसाळे हा माणूस त्यांच्या दावणीला होता, त्यांच्या बांधावर होता, त्यांच्या बापाच्या तिरडीला खांदा द्यायला होता. त्याचं आडनाव त्यांच्या तोंडात कधी आलंच नव्हतं. बापाचं नाव ऐकल्याचं आठवत नव्हतं. पाटील, माने, गायकवाड, असली नावं डोक्यातून गेली आणि एकही बसेना. ग्रामसेवकानं मान वर केली. ज्ञानबानं डोळे उघडले. गौरीच्या आजीचं नाव आता कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

"तुज्या... तुज्या बापाचं नाव काय रं?" त्यांनी विचारलं.

धुळाप्पानं मालकाकडं बघितलं नाही. त्यानं डोक्याचा पटका काढून काखेत घेतला, टेबलाजवळ गेला आणि मॅडमकडं तोंड करून म्हणाला, "अमोगसिद्ध. धुळाप्पा अमोगसिद्ध व्हनमाने."

"व्हनमाने. असंच लिहायचं ना?"

"आमाला लिवता येत न्हाय, बाई. तुमी लिवा."

"आन अंबुबाई धुळाप्पा व्हनमाने," अंबुबाई दारातून म्हणाली. "माजं बी लिवा."

मॅडमनी दोन्ही नावं लिहिली. कागद फिरवून अण्णारावांपुढं सरकवला आणि सही करायची जागा बोटानं दाखवली.

"एकदा बघून घ्या, काका. नावं बरोबर आहेत ना?"

नावं बरोबर आहेत की नाहीत हे अण्णारावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि सही केली.